ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीचा अपघात : विमा आणि नुकसानभरपाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार अपघाताच्या दाव्यांची कागदपत्रं लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ओला, उबर, रॅपिडो अशा ॲपवरून बोलावलेल्या गाडीला अपघात झाला की घरचे लोक येऊन पहिल्यांदा विचारतात, "ॲपवाले पैसे देतील ना?" या एका समजुतीमुळे महिने वाया जातात. लोक ॲपच्या हेल्पलाइनला ईमेल करत बसतात आणि तोवर पोलीस ठाण्यातलं, हॉस्पिटलमधलं आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातलं काम राहून जातं. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, ॲपचा नसतो. भरपाईची वाट गाडीच्या नंबरपासून सुरू होते, हे मनात धरून पुढचं वाचा.

अपघात आत्ताच झालाय. सगळ्यात आधी काय करायचं?

११२ ला फोन आणि जखमीला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेणं. पैशाची तजवीज होईपर्यंत थांबू नका. रस्ते अपघातातल्या जखमींवर कॅशलेस उपचारांची केंद्र सरकारची योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. तिच्यात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये होतो. जखमीने स्वतःचा विमा काढलेला असण्याची गरज नाही. मदत करणाऱ्या वाटसरूलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

हॉस्पिटलमध्ये "हा रस्ते अपघात आहे" असं स्पष्ट सांगा आणि केस पेपरवर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) अशी नोंद झाली का ते डोळ्यांनी बघा. घाईत "घरी पडले" असं कुणीतरी बोलून जातं, डॉक्टर तेच लिहितात, आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद वर काढतो. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

सोबत धडधाकट माणूस असेल तर त्याने तीन फोटो काढावेत. गाडीची नंबर प्लेट, गाड्या ज्या अवस्थेत उभ्या आहेत ती जागा, आणि ॲपमधल्या चालू फेरीचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमध्ये ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. फेरी रद्द झाली किंवा फोन बदलला तर नंतर हे शोधताना फार दमछाक होते.

ड्रायव्हर म्हणतोय, "पोलिसांत नको, आपसांत मिटवू, औषधाचा खर्च देतो." ऐकावं का?

खरचटण्यापलीकडे काही झालं असेल तर ऐकू नये. ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्या पोटावर पाय नको, असं लोकांना मनापासून वाटतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण गाडीचा विमा चालू असेल आणि त्याच्या अटी मोडलेल्या नसतील तर भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्यांना झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा केला आहे तो याचसाठी. पोलीस नोंद केली नाही तर मात्र विमा कंपनी "हा अपघात आमच्या गाडीने झालाच नाही" असं म्हणायला मोकळी होते.

फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जबाब आणि आरटीओचा वाहन तपासणी अहवाल या कागदांवर पुढचं सगळं उभं राहतं. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, गाडी कुठल्या बाजूला होती हे सगळं येतं. फिर्याद तुमच्या शब्दांत लिहिली आहे का ते सही करण्याआधी वाचून घ्या. "अज्ञात वाहन" असं लिहिलं असेल आणि तुमच्याकडे नंबर असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते.

पोलिसांनी विमा कंपनीला कळवायचं असतं की आम्ही?

पोलिसांनी. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला जायला हवा, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म १० दिवसांत द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात यावर सविस्तर निर्देश दिले. प्रत्यक्षात हे सगळीकडे वेळेवर होतंच असं नाही, म्हणून तपासी अंमलदाराचं नाव आणि गुन्हा नोंद क्रमांक तुमच्या वहीत पाहिजेच. सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात पोचला की तोच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो, तशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्याच कलम १६६(४) मध्ये आहे.

मग ॲप कंपनीची जबाबदारी काहीच नाही?

आहे, पण ती वेगळ्या दारातून येते. कायद्याने ॲप कंपनी म्हणजे प्रवासी आणि ड्रायव्हर यांची गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ. कलम ९३ प्रमाणे तिला राज्याचा परवाना घ्यावा लागतो. दाव्यात मुख्य सामनेवाले (ज्यांच्यावर दावा लावायचा ते) असतात ते गाडीचा मालक, ड्रायव्हर आणि गाडीची विमा कंपनी. ॲप कंपनीलाही सामनेवाला करता येतं, आणि फेरीच्या नोंदी मागवायच्या असतील तर त्याचा उपयोगही होतो. ती "आम्ही फक्त मध्यस्थ" असं म्हणणार हे गृहीत धरा. भरपाईचा भरवसा मात्र तिच्यावर ठेवू नका.

काही ॲप प्रवाशासाठी वेगळा अपघात विमा देतात, कधी फेरीच्या भाड्यात, कधी एक-दोन रुपये जास्त घेऊन. तो मिळत असेल तर जरूर घ्या, तो थर्ड पार्टी दाव्याच्या वरचा असतो. त्याची कळवण्याची मुदत मात्र छोटी असते. फेरीच्या पावतीत खाली त्याचा उल्लेख आहे का ते पहिल्याच आठवड्यात पाहून घ्या.

ॲपची स्वतःची चूक असेल, म्हणजे दाखवलेला ड्रायव्हर एक आणि आलेला दुसराच, किंवा मदतीचं बटण दाबूनही प्रतिसाद नाही, तर ग्राहक आयोगाकडे सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि तिची मुदत २ वर्षं आहे.

ड्रायव्हरने ॲप बंद ठेवून, "कॅन्सल करा, रोख द्या" म्हणून नेलं होतं. विमा गेला का?

थर्ड पार्टी विमा गेला नाही. पिवळ्या पाटीची, परमिट असलेली टॅक्सी असेल तर ॲप चालू होतं की बंद, याच्याशी त्या विम्याला देणंघेणं नाही. ॲपचा वरचा प्रवासी विमा मात्र गेला, आणि तुम्ही त्या गाडीत होतात याचा सर्वात सोपा पुरावाही गेला. मग यूपीआयची नोंद, फोन कॉल, सोबतच्या प्रवाशाचा जबाब, रस्त्यावरचा सीसीटीव्ही यांवर अवलंबून राहावं लागतं.

आलेली गाडी पांढऱ्या पाटीची होती. फरक पडतो?

खूप पडतो. गाडीत बसण्याआधी पाटी बघण्याची सवय लावून घ्या, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याने चालवायची गाडी. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती भाड्याची इलेक्ट्रिक गाडी. या गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्यात आत बसलेला प्रवासी कलम १४७ प्रमाणे येतोच. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं, किंवा हिरव्या पाटीवर पांढरी, म्हणजे खाजगी गाडी. खाजगी गाडीच्या विम्यात "भाड्याने वापरायची नाही" अशी अट असते. भाडं घेऊन प्रवासी बसवला की ती अट मोडते आणि विमा कंपनी हात वर करते. त्यातही विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर आत बसलेल्या माणसाला त्यात संरक्षणच नसतं. सर्वसमावेशक (थर्ड पार्टीपेक्षा जास्त संरक्षण देणारी) पॉलिसी असेल तर निदान लढायला जागा उरते. बाइक टॅक्सीचंही तसंच. खाजगी दुचाकीवर मागे बसलेला माणूस नुसत्या थर्ड पार्टी विम्यात येत नाही.

पाटीचा रंग आठवत नसेल तर एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. वाहनाचा वर्ग, विम्याची मुदत, फिटनेस दिसतं. त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

ड्रायव्हरकडे परमिट नव्हतं, किंवा तो प्यायलेला होता. विमा कंपनी नाही म्हणतेय.

विमा कंपनीने नाही म्हटलं म्हणजे विषय संपला असं नाही. अशा वेळी न्यायाधिकरणं अनेकदा "आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश देतात. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात मांडलं. परमिट नसणं हा अटींचा मूलभूत भंग आहे असं २०१८ च्या अमृत पॉल सिंग निकालात म्हटलं आहे, आणि त्याच प्रकरणात विमा कंपनीने आधी पैसे भरावेत हा आदेशही कायम राहिला. म्हणजे भांडण विमा कंपनी आणि मालक यांच्यात लागतं, जखमीला पैसे मिळतात.

"ड्रायव्हरकडे टॅक्सीचं वेगळं लायसन्स नव्हतं" हा मुद्दा तर आता फारसा चालत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलकं वाहन चालवण्याचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं भाड्याचं वाहनही चालवू शकतो. नेहमीची टॅक्सी त्यात आरामात बसते.

गाडीचा विमाच नसेल तर मात्र मालक स्वतः जबाबदार. वसुली कठीण असते. त्याच्या मालमत्तेची माहिती लवकर गोळा करा.

चूक आमच्या टॅक्सीची नव्हती, समोरच्या ट्रकची होती. दावा कुणावर?

दोघांवर लावा. मागे बसलेल्या प्रवाशाची चूक नसते, आणि कोणाची किती चूक हे त्याने ठरवायचंही नसतं. दोन गाड्यांच्या एकत्रित निष्काळजीपणातून इजा झाली असेल तर प्रवासी पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो, हे २०१५ च्या खेन्येई निकालाने स्पष्ट केलं आहे. नंतर त्या दोन विमा कंपन्या आपसांत वाटून घेतात.

धडक देणारी गाडी पळून गेली. नंबर नाही.

हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे जातो. तुम्ही टॅक्सीत बसलेले होतात तर मात्र तिथेच थांबू नका. त्या टॅक्सीच्या विम्यावर कलम १६४ खाली (ते पुढच्याच प्रश्नात समजावलं आहे) दावा करता येतो का ते आधी तपासा, रक्कम जास्त आहे.

हे कलम १६४ आणि १६६ काय आहे? दोन्ही लावायचे का?

इथे लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान होतं, म्हणून सावकाश वाचा.

कलम १६४ मध्ये कोणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये, ठरलेली रक्कम. गंभीर दुखापत म्हणजे नुसतं आयसीयू नव्हे. हाड मोडलं तरी ती गंभीर दुखापतच. कलम १६६ मध्ये ड्रायव्हरचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रक्कम ठरलेली नसते. खरं झालेलं नुकसान मोजलं जातं आणि ते अनेक पटींनी जास्त निघू शकतं. शारीरिक इजा आणि मृत्यूसाठी विमा कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नाही.

आता धोका. विमा कंपनीचा अधिकारी कलम १४९ प्रमाणे तडजोडीचा प्रस्ताव देतो. तो देणं कायद्याने त्याचं कामच आहे, त्यात वावगं काही नाही. पण कलम १६४ ची रक्कम या मार्गाने स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. घरात मयत झालेलं, तेरावाही झालेला नाही, आणि ५ लाखांचा कागद समोर येतो. घरात पैसा नसतो, सही होऊन जाते. नंतर हिशेब केल्यावर कळतं की मिळायला हवे होते पन्नास-साठ लाख. अशी सही झालेल्या एका बाईंना "आता काही करता येणार नाही" हे मला सांगावं लागलं होतं. त्यांनी कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली आणि पिशवीत ठेवली. म्हणून एवढंच करा, सही करण्याआधी तो कागद एका जाणत्या माणसाला दाखवा. एक दिवस लागतो.

भरपाई मोजतात कशी? कुणीतरी ठोक आकडा सांगतं का?

नाही, हिशेब ठरलेला आहे. मृत्यूच्या दाव्यात २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी हे दोन निकाल पायाभूत आहेत. उदाहरण घेऊन करू.

समजा प्रवासी ३४ वर्षांचा होता, स्वतःचा छोटा व्यवसाय, महिन्याचं उत्पन्न ३० हजार. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वय ४० च्या आत आणि उत्पन्न स्वतःच्या व्यवसायाचं, म्हणून पुढे उत्पन्न वाढलं असतं याचे ४० टक्के धरायचे. महिना झाला ४२ हजार, वर्षाचे ५ लाख ४ हजार. तो स्वतःवर काही खर्च करत होताच. चार माणसं अवलंबून असली की त्यासाठी एक चतुर्थांश वजा होतो. उरले ३ लाख ७८ हजार. वर्षाची रक्कम कितीने गुणायची हे वयावरून ठरतं, त्याला गुणक म्हणतात. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. गुणाकार येतो ६० लाख ४८ हजार रुपये.

यावर सहवास गमावल्याची रक्कम, अंत्यसंस्काराचा खर्च आणि मालमत्तेची हानी (वस्तूंचं नुकसान नव्हे, वारसांच्या हाती आली असती त्या बचतीची भरपाई). २०१७ मध्ये या तीन रकमा अनुक्रमे ४०, १५ आणि १५ हजार ठरल्या आणि दर ३ वर्षांनी १० टक्के वाढवायच्या असं न्यायालयाने सांगितलं. दोन वाढींनंतर त्या ४८,४००, १८,१५० आणि १८,१५० झाल्या. सहवासाची रक्कम पत्नी, प्रत्येक मूल आणि आई यांना वेगवेगळी मिळते, म्हणजे चौघांचे १,९३,६००. सगळं धरून ६२ लाख ७७ हजार ९०० रुपये, आणि त्यावर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज, साधारण ६ ते ९ टक्के.

वय वाढलं की गुणक उतरतो. ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११, पासष्टीच्या पुढे ५. कायम नोकरी असेल तर ४० च्या आत ४० ऐवजी ५० टक्के वाढ धरतात.

सगळा खेळ उत्पन्नाच्या पुराव्यावर आहे हे लक्षात आलं असेल. आयकर विवरणपत्र, बँकेचं पासबुक, जीएसटी, दुकानाचं लायसन्स, पगाराची स्लिप, जे असेल ते. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न धरतं आणि आकडा झरकन खाली येतो.

आई घरीच असायची, कमावत नव्हती. तिच्या मृत्यूची भरपाई नाममात्र का?

नाममात्र नसते. घर सांभाळणं हे काम आहे आणि त्याला मोल आहे. गृहिणीचं मानीव (प्रत्यक्ष हातात येत नसलं तरी मानलेलं) उत्पन्न धरूनच हिशेब करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या कीर्ती निकालात ठासून सांगितलं आहे. घरात किती माणसं, कोण आजारी, कोण लहान, शिवणकाम किंवा शिकवण्या होत्या का, हे शपथपत्रात सविस्तर लिहा. "गृहिणी" एवढा एकच शब्द लिहून मोकळे होऊ नका.

जीव वाचला, पण हात पूर्वीसारखा चालत नाही. डॉक्टरांनी २० टक्के अपंगत्व लिहिलंय.

डॉक्टरांचे २० टक्के आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हाच फरक समजावला आहे. उजवं मनगट वळत नसेल तर शिक्षकाचं काम बरंचसं चालू राहील. पण रंगाऱ्याला ब्रश धरता येत नाही, ड्रायव्हरला गिअर टाकता येत नाही, शिंप्याला कात्री चालवता येत नाही. त्यांचं नुकसान २० टक्के नाही, कदाचित ऐंशी असेल. तुम्ही रोज नेमकं काय काम करत होतात आणि त्यातलं आता काय जमत नाही, हे साक्षीत उदाहरणांनी सांगा. प्रमाणपत्र देणारे डॉक्टर साक्षीला आले तर फार फरक पडतो.

इजेच्या दाव्यात उपचाराचा खर्च, पुढची ऑपरेशनं, बुडालेला पगार, वेदना, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, पौष्टिक आहार, हॉस्पिटलला जायचं भाडं, सगळं मागता येतं. बिलं सांभाळा. औषधाच्या दुकानातली बरीच बिलं उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर असतात. वर्षभरात ती कोरी होतात. एका मुलीने वडिलांची पावणेदोनशे बिलं कॅरीबॅगमध्ये नीट रबर लावून आणली होती. त्यातली निम्मी पांढरी पडली होती, उन्हात तिरकी धरली तरी आकडे दिसेनात. बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मूळ बिलाला टाचून ठेवा.

मागे बसले होते, सीट बेल्ट लावला नव्हता. भरपाई बंद?

बंद नाही. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे आणि विमा कंपनी तुमचाही हलगर्जीपणा होता असं म्हणून काही टक्के कापायला सांगेल. बेल्ट नसल्यामुळेच इजा वाढली, हे तिला दाखवावं लागतं.

मेडिक्लेममधून हॉस्पिटलचे पैसे मिळाले. ते भरपाईतून वजा होतील का?

महाराष्ट्रात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निकाल दिला की मेडिक्लेमचे पैसे तुम्ही भरलेल्या हप्त्याचे आहेत. अपघाताच्या भरपाईतून ते वजा करायचे नाहीत. आयुर्विम्याचे पैसेही वजा होत नाहीत, ते १९९९ पासूनच ठरलेलं आहे. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे जमा झाली असतील तर त्यांचा शिक्का असलेल्या प्रती मागून घ्या.

लॅपटॉप फुटला.

ज्या टॅक्सीत बसला होतात तिच्या विम्यात बहुधा मिळणार नाही. चूक दुसऱ्या गाडीची असेल तर त्या दाव्यात मागा. मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. खरेदीचं बिल लागेल.

दावा कुठे आणि किती दिवसांत?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे. साताऱ्याच्या माणसाला मुंबईत अपघात झाला तर त्याने मुंबईला खेपा घालायची गरज नाही, साताऱ्यात दावा लावता येतो.

मुदत अपघातापासून ६ महिने, हा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. उशीर झालाच असेल तर दावा सोडून न देता वकिलाला दाखवा.

मृत्यूच्या दाव्यात सगळ्या वारसांची नावं घाला. जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूलाही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायदेशीर प्रतिनिधी मानलं आहे. त्यामुळे "यांचा काय संबंध" असं म्हणून कुणाला वगळू नका.

फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला. आमचा दावा पडला का?

नाही. फौजदारी खटल्याला संशयापलीकडचा पुरावा लागतो. इथे शक्यता कोणत्या बाजूला झुकते एवढंच पाहतात.

वकील "पैसे मिळाले की वीस टक्के" म्हणतात. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. भरपाईतला टक्का फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी रकमेत ठरवा आणि पावती घ्या. हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटणाऱ्या एजंटाला कोऱ्या वकीलपत्रावर सही देऊ नका. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

लोकअदालतीत तडजोड झाली तर पैसे लवकर येतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आपला हिशेब आधी कागदावर मांडून मगच तिथे जा. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, वादाची रक्कम एक लाखाच्या वर असेल तर.

मी स्वतः ॲपवर टॅक्सी चालवतो. अपघातात मलाच लागलं तर?

चूक दुसऱ्या गाडीची असेल तर तुम्ही इतरांसारखाच दावा लावू शकता. चूक तुमची असेल तर थर्ड पार्टी विम्यातून स्वतःसाठी मिळत नाही. तिथे गाडी कोणाची हे महत्त्वाचं. गाडी तुमच्या नावावर असेल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा उपयोगी पडतो, मात्र अपघाताच्या वेळी लायसन्स चालू असायला हवं. हप्ता वाचवायला हा भाग काढून टाकू नका. दुसऱ्याची गाडी पगारावर चालवत असाल तर कामगार नुकसानभरपाईच्या तरतुदी लागू होतात. कामगार म्हणून दावा किंवा मोटार अपघात दावा, दोन्हींतला एकच निवडता येतो.

केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ॲप कंपनीने प्रत्येक ड्रायव्हरचा किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) काढावा असं म्हटलं आहे. तुमच्या नावाची पॉलिसी आहे का, तिचा क्रमांक काय, हे ॲपला लेखी विचारा. उत्तर घरच्यांच्या हाती द्या. ड्रायव्हर गेल्यावर फोन लॉक असतो आणि बायकोला पासवर्ड माहीत नसतो, हे फार घरांत घडलेलं आहे.

निकाल लागला, पण पैसे बँकेत मुदत ठेवीत अडकलेत. ते आमचेच ना?

तुमचेच. लहान मुलांचा आणि ज्यांची फसवणूक होण्याची भीती आहे अशांचा वाटा न्यायाधिकरण राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं; सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या सुसम्मा थॉमस निकालात तसं सांगितलं आहे. व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला खात्यात जमा करायचा आदेश मागता येतो. मुलांची फी, ऑपरेशन, गळकं छप्पर अशा कारणासाठी मुदतीआधी रक्कम हवी असेल तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करा आणि सोबत शाळेचं फी-पत्रक किंवा हॉस्पिटलचं अंदाजपत्रक जोडा. आदेशाची प्रत घेऊन पालकाने बँकेत जायचं. ठेवीची मूळ पावती बँकेतच राहते, पण तिची झेरॉक्स आणि ठेवीचा क्रमांक घरी ठेवा.